आरएमएसडीचा आलेख अचानक उडी मारतोय? सिम्युलेशन डेटा तपासताना या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठात प्रथिनांच्या हालचालींच्या संगणकीय सिम्युलेशनवर (मॉलिक्युलर डायनॅमिक्स) प्रकल्प करणारे विद्यार्थी आलेख दाखवून विचारतात, "सर, इथं प्रथिन उलगडलं ना?" आरएमएसडी (मूळ रचनेपासून अणू सरासरी किती सरकले याचं माप) एका फ्रेममध्ये, म्हणजे साठवलेल्या एका क्षणचित्रात, कित्येक नॅनोमीटर वर गेलेला असतो. प्रथिन इतक्या झटक्यात उलगडत नाही. बहुतेक वेळा रेणूचा तुकडा सिम्युलेशनच्या पेटीच्या एका कडेनं बाहेर पडून समोरच्या कडेनं आत आलेला असतो. दोन साखळ्यांच्या प्रथिनात हे हमखास दिसतं.

उपाय ग्रोमॅक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या ट्रजकॉन्व्ह (trjconv) कमांडमध्येच आहे, पण क्रम पाळा. आधी 'होल' वापरून तुटलेले रेणू जोडा, मग 'नोजंप' (कडेवरच्या उड्या काढणं), मग प्रथिन मध्यभागी आणा, आणि 'फिट' (प्रत्येक फ्रेम मूळ रचनेवर फिरवून बसवणं) अगदी शेवटी. फिट करताना अणू फिरतात, पेटी तशीच राहते. त्यानंतर कडांची दुरुस्ती केली तर सगळंच बिघडतं. नोजंपसाठी दिलेल्या पहिल्या फ्रेममध्ये दोन्ही साखळ्या शेजारी आहेत ना, हे व्हीएमडी या रेणू पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांनी बघा. मी तरी हे पाहिल्याशिवाय पुढचा एकही आलेख काढू देत नाही.

दुसरी अडचण मेमरीची. पुण्याच्या 'परम ब्रह्म'सारख्या महासंगणकावर झालेला रन कोल्हापुरात 8 जीबीच्या लॅपटॉपवर उघडायचा असतो. एका अणूच्या एका फ्रेमला 12 बाइट लागतात. 1 लाख अणू आणि 10,000 फ्रेम म्हणजे 12 जीबी. या फ्रेमची एक्सटीसी फाइल डिस्कवर लहान दिसते, कारण ती दाबून साठवलेली असते. व्हीएमडी ती पूर्ण मेमरीत घेतं आणि लॅपटॉप गोठतो. पाणी काढून 5,000 अणूंचं प्रथिन ठेवलं, की तेच काम 0.6 जीबीत होतं. मात्र टोपॉलॉजी (अणूंची यादी आणि जोडण्या सांगणारी फाइल) हीसुद्धा तेवढ्याच अणूंची करून घ्या, नाहीतर अणूंची संख्या जुळत नसल्याचा एरर ठरलेलाच.

एमडीॲनालिसिस ही पायथन लायब्ररी एकेक फ्रेम वाचते, म्हणून मोठ्या फाइलींसाठी ती मला जास्त आवडते. पण लूपमध्ये टाइमस्टेपचे 'पोझिशन्स' (ts.positions, त्या फ्रेममधल्या अणूंच्या जागा) यादीत साठवताना 'कॉपी' करायला विसरू नका. सगळ्या फ्रेम तंतोतंत सारख्या आल्या तर आधी तिथंच बघा.

एककंही तपासा: ग्रोमॅक्स आणि एमडीट्राज (आणखी एक पायथन लायब्ररी) नॅनोमीटरमध्ये बोलतात, एमडीॲनालिसिस अँगस्ट्रॉममध्ये (0.1 नॅनोमीटर). दहापट फरक दिसला की कारण हेच.

आणि लागोपाठच्या फ्रेम एकमेकींसारख्याच असतात. 10,000 फ्रेमना 10,000 स्वतंत्र मोजमापं धरून काढलेली सरासरीतली त्रुटी (एरर बार) फसवी लहान येते. सुरुवातीचा स्थिरावण्याचा भाग वगळा, उरलेल्याचे मोठे तुकडे पाडून त्यांच्या सरासऱ्यांमधला फरक बघा, आणि जमलं तर वेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी आणखी दोन रन लावा.