क्रिम्पिंगशिवाय वायर जोडताना कनेक्टर कसा निवडावा

क्रिम्पिंग म्हणजे धातूचे टोक अवजाराने वायरीवर दाबून पक्के बसवणे. ते न करता वायर जोडायची म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एखाद्या विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘वायर जोडायचा कनेक्टर द्या’ एवढेच सांगितले, तर काउंटरवर चार तऱ्हेच्या वस्तू येऊन पडतात: बारा खणांची पांढरी स्क्रूपट्टी, चिनी मातीचा ठोकळा, नुसती भोके असलेली छोटी डबी आणि नारिंगी खटक्यांचा पारदर्शक चौकोनी कनेक्टर. त्यांच्या किमतींत बराच फरक असल्यामुळे बहुतेक गिऱ्हाइके किंमत विचारूनच निवड करतात. वास्तविक ही निवड घरातून निघण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण ती वायरीवर आणि त्या वायरीतून जाणाऱ्या विजेवर ठरते. वायर एकसंध तारेची आहे की बारीक तारांची, तिची जाडी किती आणि तिच्या टोकाला कोणते उपकरण आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून नेल्या तर दुकानदारालाही नेमके उत्तर देता येते.

उपकरणाला इतके महत्त्व का, हे एका छोट्या हिशेबातून कळते. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. जोडाच्या ठिकाणी तारांचा स्पर्श नीट न होऊन तिथे केवळ ०.१ ओहम अडथळा निर्माण झाला, तरी नखाएवढ्या जागेत सुमारे साडेसात वॅट उष्णता तयार होऊ लागते. घरगुती वायरीचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते, आणि असा जोड बंद बॉक्समध्ये ती मर्यादा सहज ओलांडू शकतो. याच जोडावर १० वॅटचा एलईडी दिवा असता, तर तयार होणारी उष्णता मोजण्याइतकीही नसती. म्हणूनच ‘दिव्याला हाच कनेक्टर दहा वर्षे टिकला’ हा अनुभव खरा असूनही गीझरच्या बाबतीत उपयोगाचा नाही. त्यातही अडचण अशी की, एमसीबीला, म्हणजे जास्त प्रवाह वाहिल्यास आपोआप पडणाऱ्या बटणाला, हा दोष दिसत नाही. विजेचा प्रवाह नेहमीइतकाच असतो, त्यामुळे ती पडत नाही. जमिनीकडे गळती नसल्याने आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारे बटण, हीसुद्धा गप्प राहते. आमच्याच घरी गीझरच्या मागची स्क्रूपट्टी वितळून काळी पडली होती, आणि ते समजले ते न्हाणीघरात येणाऱ्या जळकट वासावरून. बोर्डावरचे एकही बटण पडलेले नव्हते.

आता वायरीकडे वळू. टोकाचे आवरण थोडे सोलून तारा मोजाव्यात. आज घरगुती फिटिंगसाठी मिळणारी तांब्याची वायर बहुधा बारीक तारांची, म्हणजे फ्लेक्झिबल असते. तिच्या वेष्टनावर १.५ स्क्वेअर एमएम (चौरस मिलिमीटर) जाडीसाठी २२/०.३ आणि २.५ साठी ३६/०.३ असे आकडे आढळतात. त्यांचा अर्थ ०.३ मिलिमीटर व्यासाच्या तितक्या तारा असा होतो. पेठांमधल्या जुन्या घरांत मात्र ३/२० किंवा ७/२० या मापांच्या, मोजक्या जाड तारांच्या वायरी अजून निघतात, आणि काही ठिकाणी त्या ॲल्युमिनियमच्याही असतात. परदेशी व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. युरोपात भिंतीतली वायर पुष्कळदा एकसंध तारेची असते आणि तिथले सोपे उपाय त्या वायरीसाठी घडवलेले असतात.

नुसती भोके असलेली डबी, म्हणजे ढकलून बसवायचा कनेक्टर, हे याचे उत्तम उदाहरण आहे. एकसंध किंवा ताठ वायर सोलून आत दाबली की आतली स्प्रिंग तिला पकडते आणि दोन सेकंदांत काम होते. आपली बारीक तारांची वायर मात्र आत शिरताना पिसारल्यासारखी पसरते, निम्म्या तारा दुमडतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. तिला टोकाला फेरूल, म्हणजे धातूची बारीक टोपी, बसवली तर ती आत जाते. पण फेरूल दाबून बसवणे हेच क्रिम्पिंग असल्यामुळे ज्यांना ते टाळायचे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग संपतो. सोल्डर लावून टोक ताठ करण्याची युक्ती अनेक जण करतात, परंतु ती स्क्रूच्या जोडात विशेष घातक ठरते. शिसे-कथिलाचा तो मऊ थर सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो.

स्क्रूपट्टी वाईट असते असे मुळीच नाही. ती स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि पंखा, ट्यूबलाइट किंवा दारावरची घंटा यांसाठी पुरेशी आहे. मात्र घेताना एक लोहचुंबक खिशात ठेवावा. स्क्रू पोलादी असला तरी चालतो, परंतु आतली नळी चुंबकाला चिकटली तर ती पितळेची नाही, आणि अशी पट्टी परत द्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रूचे टोक थेट तारांवर टेकते की मधल्या पत्तीवर, हे वाकून पाहावे. टोक थेट टेकत असेल तर घट्ट करताना ते बारीक तारा कापते. पत्ती असेल तर दाब सगळ्या तारांवर पसरतो. वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायरी एकाच स्क्रूखाली कोंबू नयेत, कारण जाड वायर दाबली जाते आणि पातळ वायर नुसती तिथे राहते. गीझर, इस्त्रीचा पॉइंट किंवा ओव्हन अशा तापणाऱ्या उपकरणांजवळ स्क्रूचाच जोड हवा असेल, तर प्लास्टिकच्या पट्टीऐवजी चिनी मातीचा ठोकळा घ्यावा. तो ठिसूळ असल्यामुळे जोर बेताने लावावा, आणि वर्षातून एकदा वीज बंद करून स्क्रू पुन्हा आवळावेत.

बारीक तारांच्या वायरीसाठी माझ्या मते पहिली पसंती खटक्याच्या कनेक्टरलाच द्यावी. खटका उघडून वायर आत ठेवायची आणि खटका बंद करायचा. प्रत्येक वायरीला स्वतंत्र स्प्रिंग असल्यामुळे एलईडी ड्रायव्हरची केसासारखी पातळ वायर आणि भिंतीतली दीड स्क्वेअरची वायर एकाच कनेक्टरमध्ये सुखाने नांदतात. वॅगो या जर्मन कंपनीच्या २२१ मालिकेतील नेहमीचे कनेक्टर ४ स्क्वेअर एमएमपर्यंतच्या वायरीसाठी, ३२ अँपिअर आणि ४५० व्होल्टचे असतात. याच मालिकेतील मोठा आकार ६ स्क्वेअर एमएम आणि ४१ अँपिअरपर्यंत चालतो. असा कनेक्टर लावला म्हणून वायरीची ताकद वाढत नाही, हे मात्र ध्यानात असावे. एमसीबी वायरीच्या जाडीप्रमाणेच राहिली पाहिजे. दिसायला हुबेहूब असे नकली मालही मिळतात. अंगावर वायरीची जाडी, अँपिअर, व्होल्ट आणि किती मिलिमीटर सोलायचे हे आकडे स्पष्ट उमटलेले नसतील, किंवा खटका बंद होताना बोटाला ठाम विरोध जाणवत नसेल, तर तो गीझरसाठी तर सोडाच, पंख्यासाठीही घेऊ नये.

अमेरिकेत रूढ असलेल्या, पिळून बसवायच्या शंकूसारख्या टोप्या इथे ऑनलाइन मिळतात. त्या जमतात, पण हाताला सवय लागते, आणि चुकीच्या मापाची टोपी वरून घट्ट वाटूनही आत मोकळी राहते. गाड्यांच्या वायरिंगसाठी मिळणारे, आवरण न सोलता चिमटून बसवायचे कनेक्टर मात्र घरच्या २३० व्होल्टवर वापरू नयेत.

ॲल्युमिनियमच्या वायरीचा प्रश्न वेगळा आहे. हवेत येताच तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय ती तांब्यापेक्षा जास्त प्रसरण-आकुंचन पावते, त्यामुळे तापत-निवत जोड सैल होत जातो. ॲल्युमिनियमसाठी चालतो असे ज्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले नाही असा कोणताही कनेक्टर तिला लावू नये. वाड्यातल्या खोलीचे एक-दोन पॉइंट वाढवायचे असतील, तरी तेवढी वायर तांब्याची करून घेणे शेवटी सोपे पडते.

उघड्यावरच्या जोडांबाबत पावसाळा लक्षात घ्यावा. खटक्याचे किंवा स्क्रूचे कनेक्टर पाण्यापासून संरक्षण देत नाहीत. गच्चीवरचा किंवा बागेतला जोड आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या बॉक्समध्ये हवा, वायर खालच्या बाजूने आत गेलेली हवी, आणि पाणी साचण्याची शक्यता असेल तिथे जेल भरलेला बॉक्स वापरावा. नुसती काळी टेप उन्हात सुटते आणि तिच्या घड्यांत पाणी धरते.

प्रत्यक्ष काम करताना आधी मेन स्विच बंद करावा. पुण्यातल्या ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तिथे एवढ्याने भागत नाही, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर दिवे-पंख्यांच्या लाइनला वीज देऊ लागतो. तोही बंद करावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग कामाच्या वायरीवर लावावा आणि नंतर पुन्हा चालू पॉइंटवर तपासावा. या खात्रीसाठी शेजारच्या घरातला सॉकेट चालतो. वायर कनेक्टरवर लिहिली असेल तेवढीच सोलावी. वर सांगितलेल्या ४ स्क्वेअरपर्यंतच्या कनेक्टरसाठी ती ११ मिलिमीटर आहे. सोलताना दोन-तीन तारा तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोलावे. वायर आत ठेवल्यावर पारदर्शक भागातून ती शेवटपर्यंत पोहोचली आहे आणि बाहेर उघडे तांबे दिसत नाही, हे पाहावे. मग प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघावी. जोड नेहमी झाकण उघडता येईल अशा बॉक्समध्येच असावा. पीओपीच्या छतात गाडलेला जोड पुढच्या वायरमनला शोधून सापडत नाही.

दहा स्क्वेअर किंवा त्याहून जाड वायर, इन्व्हर्टरच्या बॅटरीची केबल आणि पंपाच्या मोटरचे बोल्टचे टोक या जागी क्रिम्पिंग टाळण्याचा आग्रह धरू नये. तिथे लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेले धातूचे टोक, दाबूनच बसवावा, आणि मीटरकडचे काम तर परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

जोड झाल्यावर गीझर किंवा त्या लाइनवरचे सर्वांत जड उपकरण त्याच्या नेहमीच्या वापराइतका वेळ चालवावे, मग एमसीबी व इन्व्हर्टर बंद करून, टेस्टरने पुन्हा तपासून, लगेच हाताची मागची बाजू कनेक्टरला लावावी. वीतभर अंतरावरच्या वायरीपेक्षा तो स्पष्टपणे गरम लागला, तर जोड उघडून वायरीचे टोक कापावे, नवा कनेक्टर घ्यावा आणि सोलण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.