लिस्बनचे चार दिवस, गुडघे सांभाळून

नकाशात आमचं हॉटेल मेट्रो स्टेशनपासून तीनशे मीटरवर होतं. बुक करताना मी खूश होते. तिथे पोचल्यावर कळलं की त्यातले निम्मे मीटर आभाळाच्या दिशेने आहेत. दगडी फरशीवर बॅगेची चाकं खडखडत होती आणि हे दर दहा पायऱ्यांनी थांबून "आलं का?" विचारत होते. ह्यांचं वय सदुसष्ट, उजवा गुडघा कुरकुरणारा. लिस्बन सात टेकड्यांचं शहर आहे हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं.

म्हणून खोली घेताना अंतर बघू नका, चढ बघा. बायशा हा खालचा सपाट भाग. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात तो जमीनदोस्त झाला आणि पोम्बालचा मार्किस या तेव्हाच्या मंत्र्याने तिथे काटकोनात सरळ रस्ते आखून घेतले. तिथे वाटही चुकत नाही आणि गुडघेही बोलत नाहीत. आल्फामाच्या जुन्या बोळकांड्या सुंदर आहेत, पण बघायला. राहायला नकोत.

मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागतं. शेंगेन व्हिसाची तारीख लवकर धरा, एवढंच सांगते. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन निघते. आलामेदाला उतरून हिरवी पकडली की शहराच्या मध्यात. प्रवासाचं कार्ड दर माणशी वेगळं लागतं. मी एकाच कार्डावर दोघांना आत न्यायला निघाले होते, फाटकाने ह्यांना बाहेरच ठेवलं.

माझा बेत असा होता, की चढायचं गाडीने आणि उतरायचं पायी. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो कोसळला. गुडघेदुखीच्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त छळतो, हे मला ह्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यात नोव्हेंबर, पावसाची सर येऊन गेलेली. काळ्यापांढऱ्या छोट्या दगडांच्या नक्षीचे ते फुटपाथ माणसांच्या चालण्याने गुळगुळीत झालेत, ओले झाले की आमच्या वेंगुर्ल्याच्या श्रावणातल्या शेवाळलेल्या अंगणासारखे. रबरी तळव्याचे बूट हवेतच. मिरवायच्या चपला घरी ठेवा.

मग आम्ही चढायला-उतरायला दोन्हीला यंत्रांचा आधार शोधला, आणि त्यातला बराचसा फुकट मिळतो. बायशात रुआ दुस फान्केइरुश नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. वर पोचून चौक ओलांडला, की समोर सुपरमार्केट असलेल्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही मिळून टेकडीवरच्या साउ जॉर्ज किल्ल्याच्या बऱ्यापैकी जवळ नेतात. थेट किल्ल्यापाशीच उतरायचं असेल तर प्रासा दा फिगेइराहून 737 नंबरची छोटी बस आहे. शियादो या वरच्या भागात जायचं तर बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा. तिकिटाच्या फाटकात न जाता सरकते जिने धरत राहिलात की टेकडीच्या वरच्या अंगाला बाहेर पडता. सांता जुश्ताच्या 1902 सालच्या लोखंडी लिफ्टसमोर लोक ताटकळत उभे होते. त्या रांगेत उभं राहून गुडघा आणखी दुखेल. वरचा देखावा पाहायचाय ना, मग शियादोहून कार्मुच्या छप्पर उडालेल्या मठामागून जा, सपाट वाट आहे.

पिवळी 28 नंबरची ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्तिम मोनीजला तिची रांग बघून आम्ही परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, दुसऱ्या टोकाच्या काम्पु द ओरिकेहून चढलो. खिडकी मिळाली. पाकीट पोटाशी धरा, या ट्रामवर खिसेकापूंचाही जीव आहे.

बेलेंला मात्र एक अख्खा दिवस द्या, तो भाग नदीकाठी सपाट आहे. 15 नंबरची ट्राम नेते. सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो, बेत तसा आखा. त्याच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर लागते. हा 1524 मध्ये कोचीत मेला, पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालात आणले, आणि या चर्चमध्ये 1880 मध्ये. माझं आजोळ पेडण्याचं, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलातलं. त्या दगडी माणसासमोर आदरही वाटेना आणि रागही येईना. हे म्हणाले, "इथे बसायला बाक आहे, ते बघ." नदीकाठी दर्यावर्दींचं उंच स्मारक आहे, त्यात फ्रान्सिस झेवियरही आहे, ज्याचं शव आपल्या जुन्या गोव्यात आहे. स्मारक 1960 सालचं. गोवा जायच्या बरोबर आदल्या वर्षी एवढं मोठं दगडी जहाज उभारायचं म्हणजे! जवळच्या चौकात उंच खांबावर गोवा जिंकून घेणारा आफोन्सो द आल्बुकर्क उभा आहे. हापूसला नाव ज्याच्यावरून पडलं म्हणतात तो हाच. त्याला मी मनात आंब्यापुरता नमस्कार केला.

बेलेंच्या 1837 पासूनच्या दुकानातल्या कस्टर्डच्या टार्ट गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खा. अंडं असतं, शुद्ध शाकाहारींनी लक्षात ठेवा. जेवायला बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह टेबलावर येतात. पाहुणचार समजून आम्ही फस्त केले आणि बिलात त्यांचे पैसे लागले. नको असतील तर हात न लावता परत पाठवा, काही वाटून घेत नाहीत. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर स्वस्त पडते. काचेच्या कपाटात शामुसा दिसला तर तो आपला समोसा, गोव्यावरून आणि आफ्रिकेवरून गेलेला. आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या. आणि या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर धुराची गाडी दिसली तर थांबाच. भाजलेले चेस्टनट डझनावर, कागदाच्या पुडीत मिळतात. लागतात थेट फणसाच्या भाजलेल्या आठळ्यांसारखे. सूर्य साडेपाचच्या आत बुडतो, तेव्हा पुडी घेऊन पोर्ताश दु सोल या आल्फामावरच्या सज्जाच्या कठड्याशी पाचलाच हजर राहा.

इंग्रजी चालतं. तरी कान उघडे ठेवा. भाजीवालीकडे पाट्या वाचत गेले तर बटाटा, कोबी, अननस, काजू, सगळी आपलीच मंडळी, फक्त उच्चार मऊ. चहाला शा. पावाला पाँव. ह्यांना आधी यात रस नव्हता, "गुडघ्याला काय म्हणतात ते विचार" म्हणत होते. (जुएल्यु म्हणतात. औषधाच्या दुकानात उपयोगी पडलं.)

शेवटच्या सकाळी हॉटेल सोडताना काउंटरवरची मुलगी पोर्तुगीजमध्ये काहीतरी भराभर बोलली. मला फक्त "शाव्" ऐकू आलं. मी मोबाइलमध्ये शब्द शोधेपर्यंत ह्यांनी खिशातून चावी काढून तिच्यापुढे ठेवली होती.