हत्तीपायाचं माप घेताना या चुका टाळा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या धानाच्या पट्ट्यात हत्तीपायाचे रुग्ण नेहमी भेटतात. पाय उतरतोय की चढतोय हे नुसत्या नजरेनं कळत नाही, त्याचं आकारमान मोजावं लागतं. टेप, वही आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागतं. तरी त्याच त्या चुका बघून आता राग येतो.

सगळ्यात वाईट चूक वेळेची. रोवणीच्या दिवसांत एका काकूंचं पहिलं माप सकाळी घेतलं होतं. दुसरं माप एका नव्या पोरानं घेतलं ते संध्याकाळी, काकू दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, वाकून घरी आल्यावर. पाय भरलेलाच असणार. आकडा वाढला आणि पोरानं तिथंच सांगून टाकलं, सूज उतरवायला पायाला बांधलेल्या पट्टीचा उपयोग होत नाही. "बांधून बी पाय वाढतेच, तं कायले बांधू?" म्हणत काकूंनी पट्टी सोडली. दोन दिवसांनी मी पहाटे जाऊन मोजलं, तर पाय पहिल्या मापापेक्षा बारीकच होता. पण विश्वास उडाला तो उडाला. पट्टी पुन्हा बांधायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून मी बाई शेतात निघायच्या आधीच जाते, पाय लांब करून थोडा वेळ झोपवते, मग टेप काढते. आकड्याशेजारी वेळ लिहितेच.

दुसरी चूक अंदाजाच्या खुणांची. "पोटरीच्या मध्यावर धरलं" असं कुणी म्हटलं की मी वही परत देते. घोट्याच्या हाडापासून वर दर ४ सेंटीमीटरला पेनानं खूण करा. हाड सुजेत बुडालं असेल तर तळपायापासून मोजत या. प्रत्येक खुणेवरच्या घेराचा वर्ग करून ३.१४ नं भागलं की त्या ४ सेंटीमीटरच्या तुकड्याचे मिलिलिटर मिळतात. घेर ३२ असेल तर सुमारे ३२६, ३१ असेल तर ३०६. म्हणजे टेप खुणेवरून सरकून घेर एक सेंटीमीटरनं चुकला की २० मिलिलिटर गेले. असे दहा तुकडे चुकले तर २०० मिलिलिटरची खोटी सूज वहीत चढते. खुणा करायला पाच मिनिटं लागतात, तेवढा धीर नसेल त्यानं हे काम घेऊ नये.

टेप कातडीत रुतेल इतकी आवळू नका. कापडी टेप वापरून ताणते, अधूनमधून ती स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

चांगल्या पायाशी तुलना करून थांबू नका. हत्तीरोगात दोन्ही पाय सुजलेले असू शकतात. त्याच पायाचं जुनं माप महत्त्वाचं.

पेरोमीटर नावाचं यंत्र इन्फ्रारेड किरणांनी पायाचं आकारमान काढतं. यंत्र उत्तम आहे, पण ते नाही म्हणून मोजणंच टाळायचं, हे मला पटत नाही.

पाऊल मात्र टेपनं नीट मोजता येत नाही, तिथं पाणीच लागतं. तोटीच्या डब्यात तोटीपर्यंत पाणी भरा, तोटी गळायची थांबेपर्यंत ते स्थिर होऊ द्या, पाय हळू सोडा, तोटीतून सांडलेलं पाणी तोला. १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. घाईनं पाय घातला की लाट उसळून जास्तीचं पाणी सांडतं. आणि बोटांच्या बेचक्यात चीर किंवा जखम दिसली तर त्या दिवशी डबा काढूच नका, त्यात पुढच्या माणसाचा पाय जायचा असतो.