हेड हेवी घेतली की स्मॅश जोरात बसतो का? रॅकेटचं वजन, बॅलन्स आणि पॉवरचा हिशोब

सोलापुरात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बॅडमिंटन हॉलला गर्दी होते, आणि गर्दी झाली की नव्या रॅकेटची चर्चा सुरू, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "स्मॅशच बसंना बे, हेड हेवी घेऊ का?" हेड हेवी म्हणजे डोक्याकडं, तारांच्या भागाकडं, जास्त भार असलेली रॅकेट. उत्तर आधीच सांगून टाकतो. शटलला वेग मिळतो तो मुख्यतः रॅकेटचं डोकं किती जोरात फिरतं त्यातून, वजनाचा नंबर त्याच्यानंतर लागतो. त्यामुळे शेवटच्या गेमपर्यंत पूर्ण जोरात फिरवता येईल एवढीच जड रॅकेट घ्यायची, त्याच्यापुढं एक ग्रॅमही नको. आता ते "एवढीच" म्हणजे किती, हे कसं काढायचं ते बघू.

पहिल्यांदा रॅकेटवर काय छापलंय ते वाचा. दांडा जिथं हँडलमध्ये घुसतो तिथं प्लॅस्टिकची टोपी असते, योनेक्सच्या रॅकेटला तिच्यावर ४यू जी५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यू म्हणजे वजन, आणि आकडा वाढला की वजन कमी होतं, हे उलटं आहे पण तसंच आहे. ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९, ५यू म्हणजे ७५ ते ७९.९. जी म्हणजे हँडलची जाडी, तिथंही आकडा वाढला की हँडल बारीक. काही कंपन्या सरळ ग्रॅमच छापतात, ते बरं. हे वजन गटिंग (तारा ओवणं) नसलेल्या रॅकेटचं असतं, त्यामुळं गटिंग आणि ओव्हरग्रिप (हँडलवर वरून गुंडाळायची पट्टी) धरून घरच्या काट्यावर ४यूची रॅकेट नव्वदीच्या आसपास दिसली तर दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. आणि बघा, एकाच ४यूमध्ये जवळजवळ ५ ग्रॅमचा फरक बसू शकतो, म्हणजे मित्राची ४यू आणि तुमची ४यू हातात वेगळी लागली तर तो तुमचा भास नाही.

आता बॅलन्स. हे घरी पाच मिनिटांत मोजता येतं. पट्टी उभी धरा किंवा सुरीची बोथट बाजू वर करा, रॅकेटचा दांडा तिच्यावर आडवा ठेवा, पुढंमागं सरकवत जिथं रॅकेट तरंगत राहील तो बॅलन्स पॉइंट, तिथं पेनानं खूण करा आणि हँडलच्या बुडापासून त्या खुणेपर्यंत टेपनं मोजा. आजकालच्या बहुतेक रॅकेट ६७५ मिमी लांब असतात, नियमात ६८० पर्यंत चालतं. साधारण २८५ ते २९५ मिमीच्या मध्ये आलं तर इव्हन म्हणजे समतोल, त्याच्यावर गेलं तर हेड हेवी, खाली आलं तर हेड लाईट. हे आकडे कोऱ्या रॅकेटचे धरतात, आणि प्रत्येक कंपनीची रेघ थोडी इकडंतिकडं असते. गटिंग केलं की तारेचे चारपाच ग्रॅम सगळे डोक्यात जातात आणि पॉइंट सेंटीमीटरभर वर सरकतो, ओव्हरग्रिप गुंडाळली की जवळपास तेवढाच परत खाली येतो.

आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. समजा तुमची रॅकेट ९० ग्रॅमची आणि पॉइंट २९५ वर. हँडलवर ५ ग्रॅमची एक ग्रिप गुंडाळली की पॉइंट साधारण १० मिमी खाली येतो, कागदावर हेड हेवीच्या काठावरची हेड लाईटच्या काठावर आली! पण खेळताना रॅकेट हलकी झाली का? अजिबात नाही. कारण ते ५ ग्रॅम तुमच्या मुठीतच बसलेत, मूठ सोडून लांब कुठं फिरतच नाहीत. उलट डोक्याच्या टोकाला फक्त १ ग्रॅम चिकटवला तर पॉइंट जेमतेम ४ मिमी वर जातो पण हाताला तो लगेच जाणवतो. फिरवताना जो जडपणा लागतो त्याला स्विंग वेट म्हणतात आणि तो अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे हातापासून ६० सेंटीमीटरवरचा १ ग्रॅम हा १० सेंटीमीटरवरच्या ३६ ग्रॅमइतका त्रास देतो. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, एकूण वजनापेक्षा वरच्या टोकाचा भार दमवतो. म्हणून दोन रॅकेटमध्ये निवडताना नुसतं ३यू की ४यू एवढंच बघू नका. डोक्यात भार असलेली ४यू कधीकधी इव्हन ३यूपेक्षा फिरवायला जड जाते.

मग जड डोक्याचा फायदा काहीच नाही का? आहे की. तेवढ्याच वेगानं फिरवली तर जड डोकं शटलला जास्त ढकलतं, मनगट थोडं चुकलं तरी रॅकेट हातात कमी वळते, आणि मागच्या कोर्टातून क्लिअर, म्हणजे उंच लांब फटका, मारताना शटल कमी कष्टात लांब जातं. पण शटल असतं किती, नियमाप्रमाणं ४.७४ ते ५.५० ग्रॅम. त्याच्यापुढं रॅकेटचं डोकं आधीच कितीतरी जड, त्यात अजून एकदोन ग्रॅम वाढवून शटलच्या वेगात टक्काभर फरक पडला तरी खूप. उलट त्या एकदोन ग्रॅमपायी तुमचा हात तीन टक्के सावकाश फिरला तर शटलचा वेग जवळजवळ तीन टक्केच जातो. म्हणजे नफा टक्क्याचा, तोटा तिपटीचा. ज्याचं खांदा, कोपर, मनगट सगळं तयार आहे त्याचा वेग एकदोन ग्रॅमनं पडत नाही म्हणून त्याला जड डोकं फळतं, आणि आपण त्याच्याकडं बघून तीच रॅकेट उचलतो.

पटत नसेल तर सात्विकसाईराज रंकीरेड्डीचं बघा, आपल्या चिराग शेट्टीचा डबल्समधला पार्टनर. १४ एप्रिल २०२३ ला जपानमध्ये योनेक्सच्या कारखान्यात त्यानं ५६५ किमी ताशी वेगाचा स्मॅश मारला, गिनीज रेकॉर्ड झालं, आधीचा ४९३ चा मलेशियाच्या टॅन बून हिओंगच्या नावावर २०१३ पासून होता. सात्विकच्या हातात होती नॅनोफ्लेअर १००० झेड, आणि नॅनोफ्लेअर ही योनेक्सची हेड लाईट मालिका आहे. मॅचमधला आकडा नाही तो, मोजायला म्हणून मारलेला, आणि सात्विकचा खांदा आपल्याला दुकानात मिळत नाही हेही खरंय, पण हेड हेवीशिवाय पॉवर नाही म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

आता आपली रॅकेट कशी शोधायची. दुकानात हवेत दोनदा फिरवून काही कळत नाही, तिथं सगळ्या रॅकेट भारी वाटतात. हॉलमधल्या मित्रांच्या तीनचार वेगवेगळ्या मागून घ्या, गटिंगचं टेन्शन, म्हणजे तारेचा ताण, साधारण सारखं असेल अशा, नाहीतर तारेचा फरक रॅकेटच्या नावावर खपतो. मागच्या रेषेवरून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत क्लिअर मारा, कोर्ट १३.४० मीटरचं आहे, पहिले दहाबारा सगळ्यांचेच पोचतात, तुम्ही दमेपर्यंत मारा आणि मग बघा. शटल तुमच्या डोक्याच्या मागं जाऊन लागायला लागलं, किंवा स्मॅश खाली न येता सपाट लांब जायला लागला, तर रॅकेट तुमच्या हाताला उशीर करतेय. दुसरी परीक्षा डिफेन्सची. पार्टनरला मधल्या कोर्टातून अंगावर स्मॅश मारायला सांगा, शटल तारेऐवजी फ्रेमवर आदळायला लागलं तर डोकं जड पडतंय. तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप होते, नळाला पाणी यायच्या दिवशी घागर उचलताना कोपराची बाहेरची बाजू दुखली तर ती रॅकेट मित्राला परत द्या आणि आभार माना.

ढोबळ सांगायचं तर नवीन खेळणाऱ्यानं ४यू, इव्हन किंवा किंचित हेड हेवी, आणि दांडा लवचिक किंवा मध्यम घ्यावा. कडक दांडा हात वेगवान असेल तरच वाकतो, नाहीतर नुसती काठी. डबल्समध्ये नेटवर उभे राहत असाल, ड्राइव्ह म्हणजे सपाट वेगवान फटके आणि अडवाअडवी जास्त, तर हेड लाईट, डोळे झाकून. मागून स्मॅश मारणारा असाल तर हेड हेवी पण ४यूमध्येच. योनेक्सनं अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ डी मागच्या खेळाडूसाठी आणि ८८ एस पुढच्यासाठी काढली ती याच हिशोबानं. सिंगल्सवाल्यांना ३यू चालते, त्यांना क्लिअर जास्त मारायचे असतात आणि प्रत्येक फटक्याला वेळही मिळतो. शाळेतल्या पोराला बाबांची जुनी ३यू देऊ नका, ५यू घ्या, पन्नाशीच्या पुढच्या खांदेदुखीवाल्या काकांनाही तीच.

आहे त्याच रॅकेटमध्ये बदल करून बघायचा असेल तर शिशाची टेप मिळते, ऑनलाइन तरी मिळतेच. डोक्याच्या वरच्या टोकाला अर्धा ग्रॅम चिकटवा, आठवडाभर खेळा, बरं वाटलं तर अजून अर्धा. वजन सराफाच्या काट्यावर करून घ्या, किचनचा काटा अर्ध्या ग्रॅमला दाद देत नाही. उलट डोकं हलकं करायचं असेल तर फ्रेममधून काढण्यासारखं काही नसतं, त्यामुळं शंका असेल तिथं हलकी रॅकेट घेणं सोयीचं, भर घालता येते, काढता येत नाही.

आणि पॉवर नाही म्हणून रॅकेट बदलायच्या आधी तार बघा. हात तयार नसताना प्रो लोकांचं बघून २८ पाउंड ताणावर गटिंग करून घेतलं असेल तर शटल मेल्यासारखंच जाणार, २२ ते २४ वर आणा, तार जास्त उसळी देते आणि मधला चांगला भागही मोठा होतो. ग्रिप पण बघा, आपल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये हात असा घामेजतो की रॅकेट सुटू नये म्हणून मूठ आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीतून मनगट फिरत नाही, मग रॅकेट कितीचीही असो. टॉवेल ग्रिप लावा, टॉवेलच्या गावात राहून एवढं तर जमायला पाहिजे. ती ओव्हरग्रिपपेक्षा जड असते आणि घाम पिऊन अजून जड होते, पण ते सगळं वजन मुठीतलं, त्यामुळं बॅलन्स बिघडला म्हणून घाबरू नका. फक्त घट्ट कडक झाली की बदला, आणि बदलताना जुनी पूर्ण काढा, एकावर एक गुंडाळत गेलं की जी५ चं हँडल कधी जी३ होतं कळत नाही.