कुत्र्या-मांजराचं ऑपरेशन आहे? घरच्यांनी या चुका टाळा

आमच्या राणी कुत्रीचं ऑपरेशन पहिल्या खेपेला झालंच नाही. नसबंदीसाठी शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली होती. रात्री नऊनंतर तिला काही घालायचं नाही, हे घरात सगळ्यांना दोनदा बजावलं होतं. दवाखान्यात गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत ती टेबलावरच ओकली. ओकारीत बिस्किटांचा लगदा! घरी आल्यावर आत्यानं कबूल केलं, "लेकरू रातीपासनं उपाशी हाय, दोन बिस्किटांनं काय हुतंय म्हटलं." डॉक्टरांनी त्या दिवशी ऑपरेशन पुढं ढकललं आणि बरोबरच केलं.

भूल पूर्ण चढली की गिळणं, खोकणं सगळं थांबतं. अशा वेळी पोटातलं वर आलं तर ते थेट श्वासनलिकेत उतरतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जीव घेऊ शकतो. राणी शुद्धीत असताना ओकली म्हणून निभावलं. मोठ्या कुत्र्या-मांजराला साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवायला सांगतात. पाणी मात्र बऱ्याचदा सकाळपर्यंत चालतं. किती वाजेपर्यंत, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. उगाच रात्रभर तहानलेलं ठेवू नका. अगदी लहान पिल्लांना इतका उपास झेपत नाही, त्यांची रक्तातली साखर उतरते. ससा असेल तर त्याला उपाशी ठेवायचंच नसतं. त्याला ओकता येत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की त्याचं आतडं मंदावतं.

मंगळवार पेठेतल्या किंवा कुठल्याही गल्लीतलं, चार दारांत जेवणारं कुत्रं असेल तर त्याला आदल्या संध्याकाळीच आत घ्या आणि शेजाऱ्यांनाही सांगा. तरीही चुकून कुणी काही खाऊ घातलंच, तर लाजू नका, दवाखान्यात सांगून टाका. तारीख बदलता येते.

रक्त तपासायचं कशाला?

"चांगलं उड्या मारतंय की, मग पैसे कशाला घालवायचे?" हे मीही म्हटलं होतं. आपल्याकडं उसाच्या रानात, गोठ्यात हिंडणाऱ्या कुत्र्यांना गोचीड सोडत नाही. गोचीड तापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात आणि बरीच कुत्री वरून ठणठणीत दिसतात. पोट उघडल्यावर रक्त थांबेना, तेव्हा ते कळण्यात काय अर्थ? कुत्री माजावर असेल, आधीची औषधं चालू असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर तेही आधीच सांगा. माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती मलूल झाली, भराभर पाणी प्यायला लागली, खालून घाण जायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथं चांगला दिवस बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिली रात्र

अर्धवट शुद्धीतलं जनावर गाडीवर पायांत धरून आणू नका, रिक्षा करा. भुलेत अंग गार पडतं. जुलैच्या पावसात आमच्या फरशीला तर पाणी सुटलेलं असतं. खाली पोतं, वर वाकळ, आणि बिछाना जमिनीवरच. कॉटवर ठेवलं तर झोकांडी खाऊन पडतं. त्या रात्री कण्हणं, डोळ्यांवर पडदा आल्यासारखं दिसणं, थोडं खोकणं चालायचंच. खोकला घशात घातलेल्या नळीमुळं असतो.

खाणं थोडं थोडं द्या. मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन पुरे. कोल्हापुरात पांढरा रस्सा म्हणजे सगळ्यांवर औषध, पण कुत्र्या-मांजराला तो नको. कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजरानं एक दिवस तोंडाला काही लावलं नाही तर फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर बिघडतं.

आणि दुखतंय म्हणून घरातल्या डब्यातली गोळी? अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

भोंगा काढायची घाई

गळ्यातला तो प्लॅस्टिकचा कोन. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. राणी तो घेऊन दारांना धडकायची, टेबलाखाली अडकायची, आणि आमच्याकडं अशी बघायची की हात आपोआप बकलाकडं जायचा. सगळ्यात जास्त टाके इथंच उसवतात, डॉक्टरांच्या हातून नव्हे. चाटल्यानं जखम बरी होते हा जुना समज आहे. खरबरीत जीभ टाका सैल करते आणि तोंडातले जंतू आत सोडते. जेवताना काढायचाच तर दहा मिनिटं समोर बसून जेवू घाला, मग भोंगा पुन्हा चढवा. कोनाचं टोक नाकाच्या पुढं यायला हवं, नाहीतर ती मान वळवून पोहोचतेच.

जखमेवर हळद-तेल लावायला शेजारून कुणीतरी येणारच. हळदीनं सगळं पिवळं झालं की लाली आली की नाही हेच दिसत नाही. त्यापेक्षा रोज एकाच उजेडात मोबाइलवर जखमेचा फोटो काढा, कालचा आजच्याशी ताडून बघा. अंघोळ नको. पावसात शी-शूला नेलं तर पोट कोरडं पुसा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनावराला वाटतं, आपण बरे झालो. खरा धोका तेव्हाचा. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, जिना नाही, उड्या नाहीत, रंकाळ्यावर मोकळं सोडणं नाही. नराची नसबंदी केली असली तरी पुढचे काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, त्याला माद्यांपासून लांब ठेवा.

हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, जखमेतून रक्त किंवा पू येतोय, टाक्याखाली मऊ फुगवटा वाढतोय, सारखं ओकतंय, दिवसभर लघवी नाही, तर सकाळची वाट बघू नका. आणि रविवारी रात्री अकराला कोण फोन उचलणार, तो नंबर ऑपरेशनच्या दिवशीच दवाखान्यातून लिहून आणा.