संप्रेरक स्रवणाऱ्या मज्जापेशींचे संगणकीय मॉडेल : या चुका टाळा

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील, व्हासोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके तयार करणाऱ्या मोठ्या मज्जापेशींचे अक्षतंतू (संदेश वाहून नेणारे लांब तंतू) पश्च पीयूषिका ग्रंथीत उतरतात आणि तेथे संप्रेरक थेट रक्तात सोडतात. पेशीतील स्पाइकही (क्षणिक विद्युत स्पंदने) मोजता येतात आणि रक्तातील संप्रेरकही, त्यामुळे मॉडेल दोन्ही टोकांनी पडताळता येते. मेंदूत अशी सोय क्वचितच मिळते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जितके स्पाइक तितका स्राव असे सरळ गुणोत्तर धरणे. व्हासोप्रेसिन पेशी काही काळ सलग स्पाइक देते, मग काही काळ पूर्ण गप्प राहते आणि ही आवर्तने चालूच राहतात. डटन आणि डायबॉल यांनी 1979 मध्ये उंदराच्या पीयूषिकेवर दाखवले, की अशा खंडित आकृतिबंधातून एकसारख्या उत्तेजनापेक्षा जास्त व्हासोप्रेसिन बाहेर पडते. स्पाइक जवळजवळ आले की प्रत्येक स्पाइक रुंदावतो, अधिक कॅल्शियम आत शिरते आणि दर स्पाइकमागील स्राव वाढतो. मात्र मारा लांबला की तोच स्राव थकतो आणि मधली शांतता तो पूर्ववत करते. म्हणून मॉडेलमध्ये स्राव वाढवणारे जलद चल, त्याला आवर घालणारे मंद चल आणि राखीव साठ्यातून हळूहळू भरला जाणारा तयार पुटिकांचा (संप्रेरक भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांचा) मर्यादित साठा हे तिन्ही हवेत. पडताळणी सोपी आहे : स्पाइकची संख्या तीच ठेवून एकदा समान अंतराने आणि एकदा झुबक्यांत द्या, स्राव सारखाच आला तर दोष स्पाइक आणि स्राव जोडणाऱ्या समीकरणात आहे.

फक्त सरासरी वेग जुळला म्हणून समाधान मानू नये. दोन स्पाइकमधील अंतरांचा आलेख प्रत्यक्ष नोंदीशेजारी ठेवून पाहावा. अगदी लहान अंतरे जास्त दिसली, तर स्पाइकनंतर काही डझन मिलिसेकंद टिकणारा ऋण विभवाचा टप्पा सुटला किंवा फार लवकर संपला असे समजावे.

एकच पेशी हजार वेळा नक्कल करण्याचा मोह मला विशेष घातक वाटतो. सगळ्या पेशी एकदमच पेटतात आणि एकदमच विझतात, मग रक्तातील पातळीवर खऱ्या प्राण्यात नसलेल्या लाटा उठतात. प्रत्यक्षात व्हासोप्रेसिन पेशींची आवर्तने एकमेकींशी जुळलेली नसतात. मॅकग्रेगर आणि लेंग यांच्या 2013 च्या मॉडेलने दाखवले, की एकेका पेशीचा प्रतिसाद सरळ रेषेत नसला तरी निरनिराळ्या आदानांच्या (पेशीला मिळणाऱ्या संकेतांच्या) पेशींचा समूह मिळून रेषीय प्रतिसाद देऊ शकतो. तेव्हा प्रत्येक पेशीला वेगळे आदान आणि वेगळा यादृच्छिक क्रम द्यावा.

हेच प्राचल (मॉडेलमधील ठरवलेल्या किमती) ऑक्सिटोसिन पेशींना लावू नयेत. पिल्ले दूध पिताना ऑक्सिटोसिन पेशी काही मिनिटांच्या अंतराने, काही सेकंदांपुरत्या, एकत्र उसळतात. या एकत्र येण्यामागे पेशीच्या डेंड्राइटमधून (संकेत घेणाऱ्या फांद्यांतून) होणारा ऑक्सिटोसिनचा स्राव आहे. आतील कोठारातील कॅल्शियम मुक्त झाल्यास तो स्पाइकशिवायही होतो, त्यामुळे त्याला अक्षतंतूच्या टोकापासून स्वतंत्र चल द्यावे लागते.

शेवटी काळाचे भान. मॉडेल दहा सेकंद चालवून व्हासोप्रेसिन पेशीचे आवर्तन दिसत नाही. अनेक मिनिटे चालवावे लागते. आणि रक्ताशी तुलना करताना संप्रेरक शरीरातून निघून जाण्याचा वेग समीकरणात नसेल, तर पातळी नुसती चढतच राहते.