बीडी करायचीय पण फीचं काय?

ग्रॅज्युएशन झालंय, देवाचं पाचारण आहे, बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळकीय सेवेसाठीची ईश्वरविज्ञानाची पदवी) करायचीय आणि फीचा आकडा बघून घरातले गप्प झालेत, असे मेसेज दरवर्षी येतात म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आधी स्कॉलरशिप शोधत बसू नका, आधी तुमच्या पाळकांना भेटा. पुण्याचं यूबीएस (युनियन बिब्लिकल सेमिनरी) असो की बंगळुरूचं यूटीसी (युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज), मंडळीचं, म्हणजे तुमच्या चर्चचं, शिफारसपत्र लागतंच. सीएनआयमधे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल तर डायोसिसकडून, म्हणजे बिशपच्या विभागाकडून, स्पॉन्सर्ड कँडिडेट म्हणून जाता येतं का विचारा, बऱ्याचदा फीचा काही भार ते उचलतात आणि बदल्यात परत येऊन सेवा करायची हमी घेतात, ती किती वर्षांची आणि मधेच सोडलं तर काय, हे सही करायच्या आधी लेखी घ्या. मी पत्र मागायला अगदी शेवटी गेले, कमिटीची मीटिंग दोन महिन्यांनी होती, माझं अख्खं वर्ष गेलं. तेव्हा निदान सहा महिने आधी जा.

अ‍ॅडमिशन मिळाली की सेमिनरीच्या ऑफिसात बर्सरीचा, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आर्थिक मदतीचा, फॉर्म मागा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा, भरायला किती कमी पडतायत तो खरा आकडा लिहा, गोलमोल नको.

बाहेरच्या देशातलं कुणी तुमच्यासाठी मंडळीकडे पैसे पाठवतो म्हणालं तर थांबा. संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच येते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे ट्रस्टकडे आलेले पैसे पुढे सेमिनरीला वळवायचे हा जुना रस्ता बंद झालाय, भल्या माणसांना हे माहीत नसतं आणि मग त्रास होतो.

परदेशाचा विचार एमटीएच (बीडीनंतरची मास्टर्स)-पीएचडीच्या वेळी करा. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांनी सुरू केलेली लँगहॅम ही संस्था पीएचडीवाल्यांना मदत करते, पण मायदेशी परतून शिकवायची तयारी हवी. जिनिव्हाजवळचं बोसे, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचं 1946 पासूनचं इन्स्टिट्यूट, तिथेही बर्सरी आहे. अमेरिकेत ट्यूशन माफ झाली तरी आय-20 (स्टुडंट व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) साठी पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचा पैसा दाखवावा लागतो, तो हिशोब आधीच करा.

आणि अर्जातली साक्ष, म्हणजे तुमच्या विश्वासाची आणि सेवेची गोष्ट, स्वतःच्या शब्दांत लिहा, संडे स्कूलला किती मुलं होती, कुणाच्या घरी प्रार्थनेला जायचात, मयतीला कोणाजवळ बसलात, हे लिहा. मराठीत आधी लिहून काढा, इंग्रजी नंतर करता येतं.